बहिरा कडा

आम्हाला दोन माणसं शोधायची होती. एक सुहास, तळेगाव दाभाड्याचा, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काम करणारा. दुसरा सत्यम, औंढे गावच्या श्रीपती आबांचा मुलगा, त्याला वाट दाखवायला सोबत गेलेला. ऐन श्रावणात सकाळी काळकोंडीच्या दरीत उतरलेले हे दोघे अंधार पडायच्या आत वर यायला हवे होते. ते आले नाहीत.

मी रेणुका. लोणावळ्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवते. घाटात कुणी हरवलं, घसरलं, अडकलं की दोर खांद्यावर टाकून निघणारं आमचं एक पथक आहे, त्यात मी बरीच वर्षं आहे. सोपानराव आमचे म्होरके. साठीला आले तरी कड्यावर त्यांच्या आधी कुणी पोचत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही मळलेल्या वाटेने थेट काळकोंडीपर्यंत जाऊन आलो. सुहास तिथे ओढ्याकाठी आवाज मोजायचं यंत्र लावणार होता. यंत्र सापडलं नाही, माणसं सापडली नाहीत, पावलांचे ठसे तर पावसाने कधीच धुऊन नेले होते. ओढा फुगल्यामुळे परतताना त्यांनी दुसरी एखादी वाट धरली असणार, एवढंच कळलं. पण कुठली? त्या दरीच्या पोटात उतरणाऱ्या घळी कुणी मोजल्यात!

दुसऱ्या दिवशी आम्ही कड्याच्या काठाकाठाने फिरलो. भोंग्यावरून नावं पुकारायची, शिट्टी वाजवायची, मग सगळ्यांनी गप्प उभं राहून ऐकायचं. उत्तर नाही. कागदावरच्या नकाशात तेवढ्या भागावर हिरवी फुली. पुढच्या टेकाडावर जायचं. पुन्हा हाका. पुन्हा गप्प. पुन्हा फुली. धुकं इतकं की खाली काही दिसायचं नाही. ड्रोन उडवला तर दुधात बुडाल्यासारखं पांढरं चित्र!

तिसऱ्या दिवशी सकाळी कड्यावरच्या वाडीतल्या शाळेच्या पडवीत सोपानरावांनी नकाशा पसरला. म्हणाले, "हा सगळा काठ झाला. खाली कुणी असतं तर हाकेला ओ दिली असती. आता पलीकडच्या अंगाला जाऊ."

पडवीच्या कोपऱ्यात सुहासची बायको स्नेहल बसलेली होती. पहिल्या दिवसापासून ती तिथेच होती. गावातल्या बायका तिच्या हातात चहाचा कप द्यायच्या आणि थंड झालेला परत घ्यायच्या. ती एकदम उठली. नकाशावर वाकली.

"या हिरव्या फुल्या कसल्या?"

"तिथून हाका मारून झाल्यात, ताई," सोपानराव म्हणाले. "उत्तर आलं नाही."

"तुम्ही कुठे उभे होतात? नेमकं कुठे?"

मी बोट ठेवलं. काठाचा तो टप्पा माझाच होता. आदल्या दिवशी दुपारी मी आणि पवन तिथे खूप वेळ उभे होतो.

"तिथे उभं राहून तुम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं?"

मी पवनकडे पाहिलं. पवन रेल्वेत कामाला आहे, दोराच्या कामात आमच्यात सगळ्यात पक्का. त्याने माझ्याकडे पाहिलं. तिथे दोन्ही बाजूंनी ओढे कड्यावरून कोसळतात. आम्ही हातवारे करून बोलत होतो.

स्नेहलने लॅपटॉप उघडला. ती आणि सुहास मिळून अख्ख्या मावळाचा आवाजाचा नकाशा करत होते. कुठल्या जागी, कुठल्या वेळी कायम भरून असलेला गोंगाट किती, ते सांगणारा. द्रुतगती मार्गाचा, घाटात गाड्यांना मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनांचा, नवलाख उंबरे गावाकडच्या कारखान्यांचा, वाऱ्याचा, किड्यांचा, पावसाळी धबधब्यांचा. एवढ्या मुलखात जागोजागी यंत्रं लावणं शक्य नसतं. थोड्या ठिकाणी मोजायचं आणि चढउतार, झाडी, रस्ते, पाऊस यांच्या हिशेबाने उरलेल्या जागांचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा!

पडद्यावर आमच्या ओळखीची दरी रंगांनी भरून आली. कड्याचा काठ लालभडक होता.

"ऐकणाऱ्याच्या कानाशी किती गोंगाट आहे, त्यावर सगळं असतं," ती म्हणाली. "काठावर धबधबा तुमच्या कानाशी आहे. खालून कुणी जीव तोडून ओरडलं तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. तुम्ही बहिऱ्या जागी उभे होतात. तिथे उत्तर आलं नाही, याचा अर्थ तिथे कुणी नाही असा होत नाही."

मग तिने त्या लाल पट्ट्याखाली, दरीत उतरलेल्या डोंगराच्या एका सोंडेच्या आडोशाला बोट टेकवलं. तिथे फिकट निळा ठिपका होता.

"इथे सोंडेमुळे धबधब्याचा आवाज अडतो. कुणी ऐकायला उभं राहायचं असेल तर इथे. आणि तुम्ही वरून भोंग्यावर ओरडलात ना, ते इथे खाली ऐकू गेलं असेल."

"तिथे मोजून पाहिलंय का?" सोपानरावांनी हळूच विचारलं.

"नाही. तिकडचं मोजमाप नव्हतंच. तेच आणायला सुहास गेला."

"म्हणजे हा अंदाज."

"हो. अंदाज," स्नेहल म्हणाली. "पण तुमची हिरवी फुलीसुद्धा अंदाजच आहे."

सोपानरावांनी खोडरबर मागितला आणि माझी फुली पुसली. बाकीच्या माणसांना पलीकडच्या अंगाला धाडलं आणि आमची लहानशी तुकडी केली. पवन, मी, आणि स्नेहल, कारण नेमकी जागा तिलाच ओळखता येणार होती. वाट कोण दाखवणार हा प्रश्न पडायच्या आधीच श्रीपती आबा कोयती कमरेला अडकवून उभे होते.

"त्या सोंडेवर मी म्हसरं घेऊन गेलतो, ल्हानपनी," ते म्हणाले. "आता वाट ऱ्हायली का न्हाई, कुनाला ठावं. पन चला."

त्यांच्या खांद्याला एक गाठोडं होतं. घरून त्यांच्या बायकोने, विठाबाईंनी, भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. चार जणांच्या, आणि वर दोघांच्या.

आम्ही दोर, एक गुंडाळीचं स्ट्रेचर, औषधांची पिशवी आणि वॉकीटॉकी घेऊन निघालो. पाऊस थांबला होता, पण आभाळ खाली उतरलेलं. घळीच्या तोंडाशी पवनने एका जाड अंजनीच्या बुंध्याला दोर बांधला आणि खाली सोडला. दोर धुक्यात गेला आणि दिसेनासा झाला.

"एकेक जण. दगडावर विश्वास ठेवू नका, दोरावर ठेवा," पवन म्हणाला.

घळ म्हणजे नुसता चिखल, शेवाळ आणि सुटे धोंडे. पाय ठेवावा तिथून तो निसटायचा. कारवीच्या दांड्या हाताला यायच्या आणि मुळासकट उपटून यायच्या. मोज्यांच्या आत जळवा शिरल्या होत्या, त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. आबा पुढे होते. कोयतीने रान छाटत, थांबत, वास घेतल्यासारखं इकडे तिकडे बघत चालले होते. दोनदा वाट चुकली. दोनदा आम्ही हाताने वेली धरून मागे चढलो.

घळीच्या मध्यावर मला वरून खडखड ऐकू आली. "दगड!" मी ओरडले. आम्ही कड्याला चिकटलो. टोपलीएवढा धोंडा माझ्या डोक्याशेजारून गेला आणि खाली पवनच्या डाव्या खांद्याला घासून दरीत नाहीसा झाला. पवन दोरावर गरकन फिरला, कड्यावर आपटला आणि लोंबकळत राहिला.

"पवन!"

"आहे, आहे!" त्याचा आवाज आला. थोड्या वेळाने, "हात हलतोय. चला."

हलत होता, पण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मी त्याचा खांदा बांधला. स्नेहल मागे उभी होती. तिने परत फिरायचं का असं विचारलं नाही, आणि पवननेही विचारू दिलं नाही.

घळ संपली तिथे ओढा आडवा आला. एरवी गुडघाभर असणारं पाणी छातीशी आलं होतं, गढूळ, दगड वाजवत धावणारं. पवनने धडधाकट हाताने दोर फेकला. तीनचार वेळा फसला. शेवटी आबा दोराचं टोक कमरेला बांधून पाण्यात शिरले. आम्ही नको नको म्हणेपर्यंत ते मध्यावर होते! एकदा त्यांचं डोकं पाण्याखाली गेलं. मग पलीकडच्या उंबराच्या मुळीला एक हात दिसला. मग दुसरा. आबा काठावर चढले, खोकले, आणि त्यांनी दोर उंबराला आवळला. त्या दोराला धरून आम्ही एकामागून एक पार झालो. स्नेहलचा पाय सुटला तेव्हा मी तिच्या कमरेच्या हार्नेसला धरून ओढलं. तिने छातीशी धरलेली पिशवी मात्र सोडली नाही. आवाज मोजायचं छोटं यंत्र होतं तिच्यात.

पलीकडे आम्ही घटकाभर टेकलो. समोर काळकोंडीचा अख्खा पडदा उघडला होता. उंच काळ्या कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या चिरफळ्या खाली येत होत्या, वाऱ्याने मध्येच वर उडत होत्या, आणि खालच्या डोहातून उठणारा घुमारा पायाखालच्या दगडातून अंगात शिरत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बोललं तरी ऐकू गेलं नसतं. वर धुकं क्षणभर फाटलं आणि मला कड्याची कड दिसली. तीच जागा. काल मी तिथे उभी होते.

सोंडेचा आडोसा नकाशात जिथे होता तिथे आम्ही पोचलो. तिथे गोंगाट होताच! स्नेहलने यंत्र काढलं, त्याच्या आकड्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"इथे कमी व्हायला हवा होता," ती माझ्या कानाशी ओरडली. "सोंड इतकी बुटकी असेल असं वाटलं नव्हतं!"

अंदाज चुकला होता. पवनने घड्याळाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. पश्चिमेकडून काळं भरून येत होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात स्नेहल चालू लागली. यंत्र समोर धरून, एक एक पाऊल, कधी डावीकडे, कधी वर. मध्येच थांबायची, मान हलवायची, पुढे जायची. आबा तिच्या पुढ्यातलं रान तोडत होते. आम्ही सोंडेच्या टोकाला वळसा घातला. काळ्या कातळाची एक भिंत आमच्या आणि धबधब्याच्या मध्ये आली.

आणि आवाज पडला.

कान एकदम रिकामे झाल्यासारखे वाटले. पानांवरून टपटपणारं पाणी ऐकू यायला लागलं. कुठेतरी एक पाखरू बोललं. माझा स्वतःचा श्वास मला ऐकू आला.

"इथे," स्नेहल म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली आणि आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं.

आबांनी तोंडाशी हात नेले आणि कुकारा घातला. "सत्यम! ए सत्या!"

आम्ही ऐकत राहिलो. टपटप. टपटप.

मग मी पुकारलं. मग पवनने. काही नाही. स्नेहल डोळे मिटून उभी होती. तिने सगळ्यात शेवटी हाक मारली. "सुहास!"

शिट्टी!

बारीक, चिरकी, पण शिट्टीच! एकदा. मग पुन्हा. मग लांबलचक.

"सुहासची आहे ती!" स्नेहल किंचाळली. "त्याच्या पिशवीची शिट्टी! मीच घेऊन दिली होती! सुहास! आले, आले!" ती हसत होती, रडत होती, माझा दंड हलवत होती.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी हात खाली घेतले होते. शिट्टी एकच होती, आणि ती त्यांच्या मुलाची नव्हती. स्नेहलच्याही ते ध्यानात आलं. ती थांबली.

"चला ताई," आबा म्हणाले. "कुनी का आसंना, जिता हाय."

आम्ही धावलो. त्या उतारावर धावता येत नाही, तरी धावलो. शिट्टी वाजत होती, आम्ही ओरडत होतो. करवंदीच्या जाळ्या अंगाला ओरबाडत होत्या. एका घसरणीखाली कातळात लांबट कपार होती. पुढ्यात माती आणि फांद्यांचा ढीग. आबांनी फांद्या बाजूला केल्या.

आत सत्यम होता. भिंतीला पाठ लावून बसलेला, ओठांत शिट्टी. डावा पाय कारवीच्या काटक्या आणि पिशवीचे पट्टे लावून सरळ बांधलेला. बापाला बघून त्याने तोंड उघडलं आणि शिट्टी खाली पडली. आबांनी त्याचं डोकं छातीशी धरलं.

मग सत्यमने त्यांच्या खांद्यावरून स्नेहलला पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, आणि त्याने मान शेजारी वळवली.

त्याच्या शेजारी सुहास होता. सत्यमने आपला रेनकोट त्याच्यावर पांघरला होता आणि चष्मा काढून उशाशी ठेवला होता.

स्नेहल कपारीत वाकून शिरली. त्याच्या कपाळावर हात ठेवला. रेनकोटाखाली त्याचा हात शोधला, बोटं उघडली आणि त्यांत आपली बोटं घातली. आम्ही बाहेर उभे होतो.

"कधी?" शेवटी तिने विचारलं.

"काल. दुपार कलल्यावर." सत्यमचे ओठ फुटले होते. मी त्याला घोट घोट पाणी पाजत होते. "वढा चढला म्हनून आमी हिकडून वर निघालो. पायाखालची मातीच सुटली. मी पाय मोडून घेतला. भाऊंना तर कायबी झालेलं दिसत नव्हतं. पोटात दुखतंय म्हनत होते, बस. त्यांनीच मला हितं वढत आनलं. पाय बांधला. मशीन पान्यात गेलं, त्याचं हसू करत होते. म्हनले, आता स्नेहल माझा पगार कापनार."

स्नेहलच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्यासारखा सुरू झाला, आणि मग तसा राहिला नाही.

"काल तुमच्या हाका आल्या," सत्यम सांगत होता. आता तो माझ्याकडे बघत होता. "नाव घेऊन मारलेल्या. लय स्पष्ट. बाईमानसाचा आवाज होता. मी बोंबलत सुटलो. भाऊ शिट्टी वाजवत होते, तोंडातून रगत येईस्तोवर. वर धुकं फाटलं तवा एक नारंगी टोपी दिसली काठावर. आमाला वाटलं, झालं. सापडलो. मग ती टोपी निघून गेली."

माझं हेल्मेट नारंगी आहे. ते त्या वेळीही माझ्या डोक्यावर होतं. मी ते काढून हातात घेतलं. सत्यमला कळलं की नाही, कुणास ठाऊक.

"मी रडाया लागलो," तो म्हणाला. "तर भाऊ म्हनले, आरं, ते बहिऱ्या जागेवर हुबे हायेत. त्यांची चूक न्हाई. त्यांना आपलं कसं ऐकू येनार? पन स्नेहल नकाशा बघंल. तिला कळंल. ती हितं येईल, सोंडेच्या आडोशाला. तोवर दम राख, उगा ओरडू नको. तिची हाक आली की मगच वाजव. असं म्हनून त्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली. म्हनून आज आबांच्या हाकंला बी गप ऱ्हायलो, भास वाटला. भाऊ मग पडून ऱ्हायले. थंडी वाजती म्हनले. मी अंगाला अंग लावून बसलो, ताई. पर मला काय करता आलं न्हाई."

स्नेहलने दुसरा हात सत्यमच्या डोक्यावर ठेवला. "तू एकटं सोडलं नाहीस त्याला," ती म्हणाली.

वॉकीटॉकी खरखरला. आबांनी पळत जाऊन सोंडेच्या वरच्या अंगाला धरला तेव्हा सोपानरावांचे शब्द तुटत तुटत आले. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतोय. पाणी चढतंय. असाल तिथून निघा. लगेच!

पवन माझ्याजवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, "स्ट्रेचर एक आहे. माझा एक हात गेलाय. दोघांना नेता येणार नाही, रेणुका. ओढा आत्ताच पार केला नाही तर एकालाही नाही."

हे तिला कोण सांगणार? सांगावं लागलं नाही. त्या जागी सगळं ऐकू येत होतं.

आबा पुढे झाले. "मी थांबतो भाऊंपाशी. पोराला तुमी न्या. तेच्यासाठी तेवढं केलं ह्या मानसानं, मी एक रात न्हाई बसू शकत व्हय?"

"नाही आबा," स्नेहल म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "तुम्ही नसाल तर वाट कोण दाखवेल? स्ट्रेचर कोण उचलेल? सुहास इथे राहील. सत्यमला वर न्यायचं. त्याला जगवण्यासाठीच सुहासने हे सगळं केलं. ते अर्धं सोडून मी सुहासला घरी नेऊ?"

बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

आम्ही सुहासला कपारीच्या वरच्या टप्प्यावर उचलून ठेवलं, पाणी पोचणार नाही तिथे. पवनने सुटा दोर त्याच्याभोवती घेऊन कातळाच्या सुळक्याला बांधला. स्नेहलने रेनकोट नीट केला, चष्मा आपल्या खिशात ठेवला. मग हात जोडून ती पुटपुटू लागली. बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं गच्छामि. आवाज फुटत होता, पण तिने तीनही वेळा पूर्ण म्हटलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती. त्यांना ते शब्द येत नव्हते, पण त्यांचे ओठ हलत होते.

मग आम्ही निघालो.

परतीचं मी थोडक्यात सांगते, कारण मला ते सगळं नीट आठवत नाही. पाऊस बरसत होता. सोंडेला वळसा घातला आणि पाण्याचा गडगडाट पुन्हा कानांवर कोसळला. ओढा आता लाल झाला होता आणि बांधलेल्या दोराला त्याचं पाणी टेकत होतं. स्ट्रेचर आम्ही दोराला अडकवलं. आबा पुढे, स्नेहल आणि मी दोन्ही अंगांना, पवन मागून सोडतोय. मध्यावर पोचलो आणि वरून एक ओंडका आला!

"धरा!"

ओंडका माझ्या मांडीवर बसला. माझे पाय गेले. स्ट्रेचर एका बाजूने कलंडलं, सत्यमचं तोंड पाण्याखाली! स्नेहलने दोर सोडला. दोन्ही हातांनी त्याचं डोकं वर धरलं आणि आपली पाठ प्रवाहाला दिली. ती फक्त हार्नेसच्या एका कडीवर लटकत होती. "ओढा! आबा, ओढा!" आबांनी ओढलं. तसं ओढताना मी माणूस पाहिलेला नाही. दोर त्यांच्या तळव्यांत रुतला, रक्त आलं, आणि ते ओढत राहिले. स्ट्रेचर काठाला लागलं. सत्यम खोकला. आम्ही पालथे पडून चिखल हातात धरला.

घळीच्या तळाशी सोपानरावांनी धाडलेली माणसं भेटली. पुढचं त्यांनी केलं. वरून दोर, खालून खांदे, एकेक हात करत सत्यम वर गेला. उजेड होता तोवर तो कड्यावर पोचला. रुग्णवाहिका उभी होती. दार लागायच्या आधी आबांनी गाठोडं सोडून भिजलेल्या भाकरीचा एक तुकडा त्याच्या तोंडात घातला. मग ते गाडीत चढले नाहीत. गाडी गेली आणि ते काठाकडे चालत आले.

काठावर स्नेहल उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंनी ओढे कोसळत होते. खाली नुसतं धुकं. मी तिच्याजवळ गेले. मला काय बोलायचं होतं ते मी बोलले, पण त्या जागी तिला ते ऐकू गेलं नाही. तिने माझ्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं, ते घेतलं आणि माझ्या डोक्यावर ठेवून पट्टा बांधला.

मग तिने सोपानरावांकडे हात पुढे केला. त्यांना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांनी खांद्यावरचा भोंगा काढून तिला दिला.

"सुहास!" तिची हाक दरीवर पसरली. "मी आले होते! मला उशीर झाला! पाणी उतरलं की परत येते! तिथेच थांब!"

आम्ही कुणी तिला अडवलं नाही. त्या काठावरून मारलेली हाक खाली सोंडेच्या आडोशाला स्पष्ट पोचते, हे आता आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडून वर काही येत नाही, हेही ठाऊक होतं. तरी भोंगा खाली घेऊन ती ऐकत उभी राहिली. आबा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, रक्ताळलेल्या हातांत टोपी धरून, तेही ऐकत.

पुढचे दोन दिवस पाऊस हटला नाही. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि आम्ही गेलो. तो तिथेच होता.